भिंतीवरच्या कमोडची गळती : सिलिकॉन नको, जोड उघडा

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव या गावांतील नव्या बंगल्यांतून आणि लॉजमधून भिंतीवर टांगलेला कमोड आता दिसू लागला आहे. खाली पाय नाही, फरशी मोकळी राहते, धुणे-पुसणे सोपे. म्हणून गिऱ्हाईक तोच मागते. पाण्याची टाकी लोखंडी चौकटीसह भिंतीत गाडलेली असते, बाहेर फक्त बटणाची पाटी. मजुरीही साध्या कमोडपेक्षा बरी मिळते. पण पुष्कळदा वर्ष-सहा महिन्यांत त्याच घरातून निरोप येतो की, कमोडच्या मागून पाणी येत आहे.

मग मिस्त्री जातो, कडेने सिलिकॉन फिरवतो आणि परत येतो. याने गळती थांबत नाही, फक्त पाणी दिसेनासे होते. ते भिंतीत मुरते, पलीकडच्या खोलीचा रंग फुगतो आणि शेवटी टाइल्स फोडण्याची पाळी येते. हा खर्च कोणाचा, यावरून घरमालक, फरशीवाला आणि प्लंबर यांच्यात जी जुंपते, तीत प्लंबरचेच नाव खराब होते. लहान गावात नाव गेले की कामही गेले. गळती कितीशी, असे कोणी म्हणेल. एका फ्लशला अर्धा पेला, म्हणजे शंभर मिलिलिटर पाणी सांडले आणि मोठ्या घरात दिवसाला तीस वेळा बटण दाबले, तर रोज तीन लिटर पाणी भिंतीत जाते. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आपल्याकडे टँकरचे पाणी विकत घेणाऱ्यांना तीन लिटरचा हिशेब सांगावा लागत नाही.

दुरुस्तीआधी पाणी कोठून येते ते पक्के करावे. कमोडची खालची बाजू फडक्याने कोरडी करून बादलीभर पाणी हळूहळू कमोडमध्ये ओतावे. आता गळले तर दोष खालच्या मोठ्या निकास पाइपच्या जोडात आहे. ते पाणी नापाक, तेव्हा घरच्यांना तसे स्पष्ट सांगून फरशी धुऊन घ्यावी. बादलीने काही झाले नाही, तर बटणाची पाटी काढून टाकीत कपड्यांची थोडी नीळ टाकावी आणि फ्लश करावा. निळे थेंब कमोड व भिंत यांच्या फटीतून आले, तर वरच्या फ्लश पाइपचा जोड सुटलेला आहे. बटण न दाबताच निळे पाणी कमोडच्या आत ओघळत असेल, तर टाकीतील व्हॉल्व्हचे वायसर गेले. त्यासाठी कमोड उतरवण्याची गरज नाही. फ्लश न करताही भिंत सदा ओली राहत असेल, तर टाकीत पाणी आणणारी लाइन तपासावी. आपल्याकडील बोअरच्या पाण्यात क्षार फार, त्यामुळे जुनी गळती फटीखाली पांढरा ओघळ ठेवून जाते. तो दिसला की समजावे, दोष आजचा नाही.

आता मूळ कारण. फ्लश पाइप साधारणतः ४५ मि.मी. जाडीचा असतो आणि तो रबरी कनेक्टरमधून कमोडच्या मागच्या भोकात बसतो. आमच्या मते यातील बहुतेक गळती रबर खराब असल्याने होत नाही, पाइप चुकीच्या मापाने कापल्याने होते. प्लंबर उघड्या विटांवर माप घेऊन पाइप कापून ठेवतो. नंतर गिलावा येतो, टाइल येते, भिंत इंच-दीड इंच पुढे सरकते आणि पाइप रबरात जेमतेम टेकतो. उलट पाइप लांब राहिला, तर कमोड भिंतीला टेकत नाही. मग नट जोराने आवळले जातात आणि रबर आत दुमडते. म्हणून पाइप टाइल लागल्यावरच कापावा. तो टाकीच्या बाजूला पूर्ण आत ढकलून टाइलच्या पृष्ठभागाशी खूण करावी, कमोडच्या मागे रबर जितके खोल बसते तितके माप त्यात मिळवावे आणि तेथे सरळ काटकोनात कापावे. कापलेली कड कानशीने थोडी उतरती करावी, नाहीतर तीच रबर फाडते.

दुरुस्तीच्या वेळी पाणी बंद करून टाकी रिकामी करावी, दोन्ही नट काढावेत आणि दोघांनी मिळून कमोड सरळ पुढे ओढावा. एकट्याने हे काम करू नये. तिरका ओढला तर चिनी मातीला तडा जातो. जुने रबर फेकून नवे घ्यावे. त्याला साबणाचे पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावावे. गाडीचे ग्रीस किंवा तेल लावणारे कारागीर आहेत, पण त्याने रबर फुगून सैल पडते. पांढरे सिमेंट या जोडात कधीही घालू नये. कमोड आणि भिंत यांच्यामधला फोमचा पॅड पुन्हा बसवावा आणि नट एकदा डावा, एकदा उजवा असे थोडे थोडे आवळावेत.

कमोड उतरवण्यापूर्वी हाताने दाबून पाहिलेले बरे. तो हलत असेल तर नवे रबरही टिकणार नाही. युरोपीय मानकात अशा कमोडची ४०० किलो वजनावर चाचणी होते, पण ती चौकट जमिनीत व भिंतीत घट्ट बसली असेल तरच उपयोगाची.

दुकानदारांसाठी थोडेसे. कमोडच्या बोल्टमधले अंतर १८० किंवा २३० मि.मी. असते. गिऱ्हाईक चौकट एकीकडून आणि कमोड दुसरीकडून घेते आणि भांडण आपल्या काउंटरवर येते. विकण्यापूर्वी टेप लावून दोन्ही मापे मिळवून द्यावीत, सोबत कनेक्टरचा एक जादा संच द्यावा.

सिलिकॉन लावायचेच असेल, तर दोन्ही बाजू व वरची कड भरावी, खालची मोकळी ठेवावी. बीडच्या खजाना बावडीच्या जमिनीखालच्या नहरींना सोळाव्या शतकातील कारागिरांनी वर ठिकठिकाणी तोंडे ठेवली होती, म्हणजे आत काय चालले आहे ते पाहता येई. कमोडची खालची फट तेच काम करते. कमोड बसवल्यावर सिलिकॉन त्याच दिवशी लावू नये. दहा-बारा वेळा फ्लश करून फटीखाली कोरडा कागद ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी तो पाहूनच काम पूर्ण करावे.