छापील कॅप पक्की कशी होते?

दातावर बसवायची सिरॅमिकची कॅप आता त्रिमितीय छपाईनेही करता येते. "छापलेली कॅप म्हणजे कच्ची का?" असे माझ्याकडे येणारे रुग्ण विचारतात. मी दंतवैद्य नाही. पण ही शंका दूर करण्याजोगी आहे.

झिर्कोनियाची बारीक पूड प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये कालवतात. प्रकाश पडेल तेथे पातळ थर घट्ट होतो. थरावर थर चढून कॅपचा आकार येतो. या अवस्थेत ती खरोखरच कच्ची असते. मग रेझिन सावकाश तापवून जाळून काढतात. येथे घाई केली, तर कोंडलेल्या वायूने तडे जातात. शेवटी सुमारे १४५० ते १५०० अंश सेल्सियसला भाजल्यावर कण एकजीव होतात. कॅप आक्रसते, म्हणून ती आधीच मोठी छापतात.

सिरॅमिक दाब सोसते, ताण फारसा नाही. आत राहिलेल्या बारीकशा पोकळीतूनही चीर सुरू होते. म्हणून मिश्रणात पूड भरपूर हवी. गुठळ्या व बुडबुडे नकोत. चावण्याच्या जोराने थर विलग होणार नाहीत, अशा बेताने छपाईची दिशा ठरवावी लागते.

कॅप उंच लागत असेल तर दंतवैद्याकडूनच घासून घ्या आणि घासलेला भाग पॉलिश करून घ्या. खडबडीत कॅप समोरचा दात झिजवते. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास आधीच सांगा. आणि अडकित्त्याचे काम दातांना देऊ नका!