डेम्लो संख्यांमागील मूळ संख्या

मूळचे डहाणूचे गणिती द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ‘डेम्लो संख्या’ हे नाव डोंबिवली स्थानकाच्या ‘डेम्लो’ या जुन्या नावावरून दिले. १११² = १२३२१ ही त्यांपैकीच एक. प्रस्तुत लेखात अशा वर्गांच्या मुळाशी असलेल्या, केवळ १ या अंकाने बनलेल्या संख्यांच्या अविभाज्यतेचा विचार केला आहे.

अंकांची संख्या संयुक्त असल्यास त्यांचे समान गट पडतात व ती संख्याही संयुक्त ठरते, उदा., ११११ = ११ × १०१. म्हणजे अंकांची संख्या मूळ असणे आवश्यक आहे; परंतु ते पुरेसे नाही, कारण १११ = ३ × ३७. याउलट १९ व २३ अंकी संख्या मूळ आहेत. १०३१ अंकी संख्येच्या मूळत्वाची सिद्धता विल्यम्स व डबनर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. अशा मूळ संख्या अनंत आहेत काय, हा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.