म्हाताऱ्यांची सेवा करायला शिक्षण कशाला?

कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली नागपुरात मातृसेवा संघ उभा केला. पुढे या संस्थेने समाजकार्याचं महाविद्यालयही काढलं. तरी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करणाऱ्या मुलीला नातेवाईक अजून विचारतात, "म्हाताऱ्यांची सेवा करायला डिग्री कशाला?"

गैरसमज : माया असली की पुरे.
वस्तुस्थिती : माया हवीच. पण निराधार ज्येष्ठांसाठीच्या सरकारी श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये अचानक का थांबले, हे मायेने कळत नाही. कधी हयातीचा दाखला द्यायचा राहिलेला असतो, कधी कष्टाने झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही. ते शोधून काढायला आधी आजींशी नीट बोलता यावं लागतं. प्रश्न सुनेला नाही, आजींनाच विचारायचा. ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला, आपल्या तोंडावर उजेड पडेल असं बसायचं. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणंच नवशिक्यांना सर्वांत जड जातं.

गैरसमज : साठी बुद्धी नाठी.
वस्तुस्थिती : २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णवांहून अधिक जणांना तो नाही. आता नागपूरचा मे महिना घ्या. सकाळी नीट बोलणारे आजोबा संध्याकाळी असंबद्ध बोलू लागले, तर ते म्हातारपण नव्हे. वयाबरोबर तहान कमी लागते. ऊन बाधलेलं असेल, अंगातलं पाणी कमी झालं असेल किंवा लघवीचा संसर्ग असेल. उपचार डॉक्टरच करतील, पण त्याच दिवशी दवाखाना गाठायचा हे कार्यकर्त्याला कळलं पाहिजे.

गैरसमज : मूलबाळ नसेल तर कायदाही नाही.
वस्तुस्थिती : २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार, निपुत्रिक ज्येष्ठाची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा पुढे जाणार आहे, त्याच्याकडे निर्वाहखर्च मागता येतो. स्वतःला जमत नसेल तर ज्येष्ठाने नेमलेली व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. बक्षीसपत्र करणार असाल, तर सांभाळण्याची अट त्यातच लिहून घ्या. तोंडी भरवशावर घर देऊन टाकलं, तर ते परत मिळवणं फार कठीण जातं.

राहिला वृद्धाश्रम. तिथे काम आहेच, पण बहुतेक ज्येष्ठ घरीच राहतात, म्हणून विद्यार्थ्यांनी वस्त्यांमध्ये फिरायला हवं. आणि शेजारच्या आजी अडचणीत दिसल्या, तर ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे : १४५६७.