गाडीखाली काम करताना पाठ आणि गुडघे सांभाळा 🔧

ब्रेक पॅड बदलताना उकिडवं बसू नका, थोड्याच वेळात पायाला मुंग्या येतात. बाथरूममधलं बुटकं प्लास्टिकचं स्टूल घ्या, काम बरोबर छातीसमोर येतं. गुडघे टेकायचेच असतील तर खाली जुनी योगा मॅट घडी करून टाका.

खाली शिरायचं असेल तर चाकांच्या क्रीपरवर लगेच पैसे घालू नका. पेव्हर ब्लॉकच्या फटींत त्याची चाकं अडकतात आणि त्याची उंची आपल्याच जागेतून वजा होते. त्यापेक्षा फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सरस. पाठ सहज सरकते, सांडलेलं ऑइलही तो शोषतो (आणि फुकट मिळतो!). कपाळावर हेडटॉर्च लावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. डोळ्यांवर सेफ्टी गॉगल हवाच, कारण वर बघताना गंज आणि माती थेट डोळ्यांत पडते. सायलेन्सरचा पाइप मात्र आधी गार होऊ द्या.

जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नाही. जमीन सपाट आणि कडक हवी. हँडब्रेक ओढा, टेकलेल्या चाकांना ठोकळे लावा आणि जॅक-स्टँडवर गाडी टेकवून हलवून बघा. स्टँड नसतील तर खाली शिरूच नका.