पंधरा सेंटिमीटरची शीर, अडीचशे टन सोने

1981 साल. जपानच्या क्युशू बेटावर, कागोशिमा प्रांतातल्या हिशिकारी इथे घेतलेल्या बोअरमधून खडकाचा लांबट गाभा वर आला. त्यात गारेची एक शीर होती, जेमतेम 15 सेंटिमीटर जाडीची. तपासणीत आकडा निघाला: टनामागे 290 ग्रॅम सोने आणि 167 ग्रॅम चांदी. जगातल्या अनेक मोठ्या खाणी टनाला पाच ग्रॅमहून कमी सोन्यावर चालतात, हे लक्षात घेतले की या आकड्याचे मोल कळते.

हा बोअर अंदाजपंचे घेतलेला नव्हता. परिसरात जुन्या, लहान खाणकामाच्या खुणा होत्या. गुरुत्वमापनातून खोलवरचा जुना, घट्ट खडक इथे वर उचललेला दिसत होता. विद्युत सर्वेक्षणात वीज सहज वाहणारा पट्टा सापडला होता; गरम पाण्याने खडकाची चिकणमाती झाली की असे होते. सुमारे 10 लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या उष्णतेने तापलेले पाणी इथल्या भेगांतून वर चढले, दाब कमी होताच उकळले आणि त्यात विरघळलेले सोने-चांदी गारेसोबत भेगांत साचत गेले. आजही या खाणीत सुमारे 65 अंश सेल्सियसचे पाणी लागते.

गाभ्यावरचे कामही चोख असावे लागते. तो उभा चिरून अर्धा भाग जपून ठेवतात, अर्धा दळून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे तो शिशाच्या संयुगासह मुशीत वितळवला, की सोने-चांदी शिशात उतरते. मग शिसे काढून टाकतात, उरलेल्या मण्यातली चांदी आम्लात विरघळवतात आणि राहिलेले सोने तोलतात. परीक्षेची परीक्षा म्हणून प्रमाण माहीत असलेले आणि सोने नसलेले नमुनेही मधूनमधून मिसळतात.

तरीही सुरुवातीचा आकडा जपून वाचावा. त्या 15 सेंटिमीटरभोवतीचा खडक कोरा धरून एक मीटरची सरासरी काढली, तर 290 चे साडेत्रेचाळीस ग्रॅम होतात. सोने तेवढेच, आकडा वेगळा! शिवाय बोअर शिरेला तिरका छेदून गेला, तर गाभ्यात ती खऱ्या जाडीपेक्षा जास्त दिसते. म्हणूनच पुढचे बोअर निर्णायक. हिशिकारीत त्यानंतर घेतलेल्या 18 बोअरना शिरा लागल्या, तेव्हा साठ्याची खात्री पटली. 1985 मध्ये उत्पादन सुरू झाले आणि आजवर अडीचशे टनांहून अधिक सोने निघाले.

आपल्याकडे 2020 मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रमध्ये तीन हजार टन सोने सापडल्याची बातमी पसरली होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला: सुमारे 52,800 टन खनिज, टनाला सरासरी 3.03 ग्रॅम, म्हणजे एकूण जवळपास 160 किलो सोने. सोन्याच्या बातमीत प्रमाण, जाडी आणि खनिजाचे एकूण वजन या तिन्ही गोष्टी शोधायची सवय आपण वाचकांनी लावून घेतली, तर अशा अफवा पहिल्याच दिवशी विरतील.