लस देऊनही मानमोडी येते? खाद्याकडे पाहा

राणीखेत म्हणजेच मानमोडीची लस वेळेवर देऊनही मर झाली, की आपण आधी लसीला दोष देतो. लस थंड राहिली होती का, हे जरूर तपासावे. पण लस फक्त रोगाची ओळख करून देते, प्रतिपिंडे कोंबडीच्या शरीरालाच तयार करावी लागतात.

ती तयार करणाऱ्या पेशी पिल्लाच्या बर्सा या अवयवात पक्व होतात. ही लहान पिशवी आतड्याच्या शेवटच्या भागाला जोडलेली असते, त्यामुळे आतड्यातील जिवाणूंचा तिच्याशी थेट संपर्क येतो. प्रतिजैविके देऊन हे जिवाणू कमी केलेल्या कोंबड्यांत बर्ड फ्लूच्या (एच९एन२) लसीनंतर प्रतिपिंडे कमी तयार झाल्याचे प्रयोगात दिसले आहे. म्हणून गरज नसताना, ‘सवयीने’ प्रतिजैविके पाण्यात देऊ नयेत.

खरा धोका मात्र बहुधा मक्यात असतो. ओलसर मक्यात वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत बिघडवते, बर्सा आकसवते आणि लसीचा परिणाम घटवते. दाण्यावर बुरशी दिसत नसली तरी विष असू शकते. मका नीट वाळवून, जमिनीपासून उंच ठेवावा. शंका असल्यास प्रयोगशाळेत तपासावा. टॉक्सिन बाइंडरने मदत होते, पण त्याच्या भरवशावर खराब मका खाऊ घालू नये. जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडल्यासही प्रतिकारशक्ती मंदावते.

प्रोबायोटिकचे परिणाम जिवाणूच्या प्रकारानुसार बदलतात, त्यामुळे खर्च आधी चांगल्या खाद्यावर करावा. लसीनंतर साधारण तीन आठवड्यांनी काही पक्ष्यांचे रक्तनमुने पशुवैद्यकांमार्फत एचआय चाचणीसाठी पाठवावेत.