सोर्स कोड दिसला म्हणजे 'ओपन सोर्स' नव्हे

एखाद्या संगणक प्रणालीचा सोर्स कोड इंटरनेटवर कुणालाही वाचता येतो, एवढ्यावरून ती 'ओपन सोर्स' ठरत नाही. तो कोड वापरण्याचे, बदलण्याचे आणि इतरांना देण्याचे अधिकार परवाना कुणाकुणाला देतो, यावर सारे अवलंबून असते.

याची सर्वमान्य कसोटी 'ओपन सोर्स इनिशिएटिव्ह' या संस्थेची आहे. ब्रूस पेरेन्स आणि एरिक रेमंड यांनी ती १९९८ मध्ये स्थापन केली. डेबियन प्रकल्पाच्या १९९७ मधील मार्गदर्शक तत्त्वांवर आधारलेल्या तिच्या व्याख्येत १० कलमे आहेत. प्रणालीच्या प्रती वाटण्यास, अगदी विकण्यासही, मज्जाव नसावा. सोर्स कोड बदल करण्याजोग्या स्वरूपात मिळावा. सुधारलेली प्रणाली त्याच अटींवर वितरित करण्याची मुभा असावी, या त्यांतील प्रमुख अटी.

खरी परीक्षा होते ती भेदभावास मनाई करणाऱ्या कलमांपाशी. परवान्याला व्यक्तींत वा गटांत फरक करता येत नाही, तसाच तो कार्यक्षेत्रांतही करता येत नाही. 'शिक्षणासाठी मुभा, व्यवसायासाठी बंदी' असे म्हणणारा परवाना हेतू चांगला असूनही येथे अपात्र ठरतो. याउलट, सुधारित प्रणाली वितरित करणाऱ्याने आपलाही कोड खुला करावा, ही 'जीपीएल'ची अट मान्य आहे. कारण ती सर्वांना सारखीच लागू होते. 'बीएसडी' परवान्यात अशी अट नाही, तरीही तो ओपन सोर्सच.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे, हे 'रेडिस' या लोकप्रिय डेटाबेसच्या उदाहरणावरून दिसले. मार्च २०२४ मध्ये रेडिसच्या कंपनीने 'बीएसडी' परवाना सोडून नव्या आवृत्त्यांसाठी व्याख्येत न बसणारे परवाने स्वीकारले. कोड दिसत राहिला, पण इतरांनी त्यावर आधारित सेवा विकण्यावर बंधने आली. मात्र जुन्या आवृत्तीवरील हक्क अबाधित होते. त्याच बळावर, त्याच महिन्यात 'लिनक्स फाउंडेशन'च्या छत्राखाली 'वाल्की' ही स्वतंत्र शाखा उभी राहिली. मे २०२५ मध्ये रेडिसनेही 'एजीपीएल' या मान्यताप्राप्त परवान्याचा पर्याय पुन्हा खुला केला.

मालकाचे धोरण बदलले तरी वापरणाऱ्याचे काम अडू नये, हीच या व्याख्येची खरी देणगी. म्हणूनच प्रणाली निवडताना ती फुकट आहे का, यापेक्षा तिचा परवाना कोणता, हे आधी पाहणे शहाणपणाचे.